चार फुटीच घेतलं, बाळाराम

माणूस गेल्यावरच त्याचं मोठेपण कळतं, असं म्हणतात. तुझं मला चौथ्या दिवशी सकाळी, शाळेच्या पटांगणातल्या शोकसभेत कळलं, आणि त्यातलं निम्मं माझं होतं.

हे मी रागाने लिहितोय असं समजू नकोस. राग येऊन गेला. आता जे उरलंय त्याला सरळ शब्द आहे, पण तो गेलेल्या माणसाबद्दल वापरायची पद्धत नाही. मी वापरतो. मला तुझा हेवा वाटतो, बाळाराम. तू असतानाही वाटायचा, पण तेव्हा तो तुझ्या ओट्यावर बसून चहात विरघळवता यायचा. आता ओटा आहे, चहाही मिळतो, पण तो विरघळत नाही.

तुझा बॅनर वळ गावाच्या फाट्यावरच लागला होता. फोटो कुणाच्यातरी हळदीतला, काळा गॉगल घातलेला. खाली ‘शोकाकुल’ म्हणून गावातले सगळे चेहरे, आणि सगळे हसरे, कारण ते फोटो वाढदिवसाच्या बॅनरवरून उचललेले. माझाही होता. शेवटच्या ओळीत, डावीकडून दुसरा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. धर्मा वीटभट्टीवाल्याचा माझ्या चौपट. मी ते मोजलं, हे तुला सांगायला हरकत नाही. तूही मोजलं असतंस.

सभेत पहिले वक्ते म्हणाले, “बाळारामशेठ ही व्यक्ती नव्हती, संस्था होती.” ज्या संस्थेचा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात मी मागून ढकलून चालू केला आहे, तिच्याबद्दल मला वेगळी माहिती होती, पण मी मान हलवली. सगळे हलवत होते.

मग धर्मा उठला. त्याने माइक धरला आणि रुमालाने डोळे पुसले.

“शेठनी मला एकच गोष्ट सांगितली होती,” तो म्हणाला. “धर्मा, ट्रॅक्टरला झेपंल तेवढंच लोखंड घे. मानसाचंबी तसंच हाय.”

मी सरळ बसलो. माणसाचं काय ते धर्माने जोडलं असेल. पण पहिलं वाक्य माझं होतं. ते मी तुझ्या ओट्यावर, तुझ्या तोंडावर म्हणालो होतो, आणि तू त्यावर विडी विझवून म्हणाला होतास, “तुला काय कलतंय?”

त्याच्यानंतर अकलोलीचे एक निवृत्त कंडक्टर उभे राहिले. त्यांना ट्रॅक्टरला ब्लेड घ्यायचं होतं आणि तू त्यांना सल्ला दिला होतास म्हणे. “ते बोलले, मागच्या टायरांची रुंदी झाकली की पुरे. त्याच्यापुढची रुंदी लोकांना दाखवायला असते. एवढं साधं कुणी सांगत नाही हो.” खरं आहे, कुणी सांगत नाही. मी सांगितलं होतं. तुला.

आणि शेवटी सूत्रसंचालकाने कागद काढून वाचलं: “आधी दात, मग धार. बाळारामशेठांचा हा मंत्र आपण जीवनात उतरवू या.” दोन मिनिटं सगळे उभे राहिले, त्यात मीही राहिलो, माझ्याच वाक्याला मानवंदना देत.

निघताना मी धर्माला बाजूला घेतलं. विचारलं, “ते झेपण्याचं वाक्य, ते त्याला कुणी सांगितलं असं काही बोलला का तो?”

“कोन सांगनार?” धर्मा म्हणाला. “त्याचं सोताचं डोकं होतं.”

आता हे जरा नीट मांडतो, कारण तू नेहमी मधूनच सुरू करायचास आणि लोकांना वाटायचं तुला सुरुवात माहीत आहे.

तुझ्याकडे होती ती साधी फळी. ट्रॅक्टरच्या मागे लावलेली एक उभी लोखंडी पट्टी. तिने माती ढकलली की ती दोन्ही बाजूंनी सांडायची, म्हणजे मैदान मधे सपाट आणि कडांना वरंबे. हळदीच्या मांडवासाठी तू मैदान करून दिलंस की पाहुण्यांच्या खुर्च्या कडेला कलायच्या आणि लोकांना वाटायचं पाहुणे प्यायलेत. काही प्यायलेले असायचे, पण सगळे नाही. तुला हवं होतं ते बॉक्स ब्लेड. तळ नसलेली, मागून आणि दोन्ही बाजूंनी बंद अशी लोखंडी पेटी. उंचवट्यावरची माती ती पोटात घेऊन चालते आणि खड्डा आला की तिथे सोडते. पुढे दात, मागे धार. दातांनी कडक मुरूम उकरायचा, धारेने तो पसरायचा. शेती गोदामांखाली गेल्यावर आपल्याकडे ट्रॅक्टरला एवढंच काम उरलं आहे: गोदामांची आवारं, मांडवाची मैदानं, आणि ज्यांची अजून भातशेती आहे त्यांची खळी.

घ्यायचं हे ठरलेलं होतं. कुठलं घ्यायचं, यावर आपण दोन पावसाळे काढले.

“पाच फुटी घेनार,” तू म्हणालास. “जाड पत्र्याचं.”

“ट्रॅक्टर केवढा आहे तुझा?”

“ट्रॅक्टर लहान हाय, काम मोठं हाय.”

“बावीस एचपीचा आहे. मागच्या लिफ्टला एवढं वजन उचलणं झेपणार नाही.”

“लिफ्ट तू उचलनार हायस का?”

मी जकात नाक्यावर नोकरी केली. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात वाचायचो, आणि भिवंडीत दोन ट्रकांच्या मधे फार वेळ नसतो, त्यामुळे लहान प्रकरणांची पुस्तकं वाचण्याची सवय लागली. तुझ्या ब्लेडसाठी मी माहितीपत्रकं आणली, तुझ्याच ट्रॅक्टरची पुस्तिका तुझ्याच पेटीतून काढून वाचली, ती अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. मोबाइलवर दूरदेशीची माणसं आपापली अंगणं सपाट करताना पाहिली. त्यांची अंगणं आधीच सपाट होती. एवढं सगळं करून मी तुझ्यापुढे आलो की तू एक वाक्य बोलायचास आणि मी घरी जायचो.

एकदा तू म्हणालास, “गोदामाच्या आवारात ट्रेलर फिरून फिरून मुरमाचा दगड झालाय. हलकं ब्लेड त्याच्यावरनं नाचत जाईल, वरातीत नाचतात तसं.”

हा मुद्दा खरा होता. मी तीन दिवस तुझ्याकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी उत्तर घेऊन आलो. एका फेरीत करायला जाऊ नकोस. पहिल्या फेरीला नुसते दात टेकव, दोन बोटं, जास्त नाही. मग धार. मग पुन्हा दात. एका घासात जेवण संपत नाही. आधी दात, मग धार.

“तीन फेऱ्यांचं डिझेल तुझा बाप भरनार?”

माझे वडील वारले असल्याने तो मुद्दा तिथेच संपला.

तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काही हललं होतं का, हे मी आता आठवून पाहतो. तू ते वाक्य मनात लिहून घेतलंस तो क्षण नेमका कुठला? विडी पेटवताना? वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा? मला काहीच दिसलं नाही. जकात नाक्यावर मी ताडपत्रीखालचा माल ओळखायचो, बाळाराम. तुझी ताडपत्री मला कधी उचलता आली नाही.

आणि मग तो वळचा रविवार. रस्त्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराने तुला त्याचं पाच फुटी ब्लेड एका दिवसासाठी दिलं. भारी, जाड, पिवळा रंग. तू मुद्दाम मला बोलावून घेतलंस. मागे जोडलंस, खिळा ठोकलास, लिफ्टचा दांडा ओढलास. ब्लेड उचललं गेलं आणि पुढची दोन्ही चाकंही. ट्रॅक्टर मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखा दिसत होता.

असे क्षण आयुष्यात कमी येतात, ते बोलून वाया घालवू नयेत.

तू खाली उतरलास. चाकांकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस.

“पद्या, बस पुढं.”

“कुठे?”

“बंपरवर. वजनाला.”

पुस्तिकेत असं करू नये म्हणून लाल फुलीचं चित्र होतं. मी तुला ते सांगितलं. तू म्हणालास, “चित्रातला मानूस तुज्यासारखा शहाना नसंल.” मी बसलो. पाठीला इंजिनाची गरम जाळी, समोर गोदामाचं आवार, आणि शिफ्ट सुटून बाहेर पडणाऱ्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. चाकं जेमतेम टेकली. वळणावर ती पुन्हा उठायची आणि तू मागून ओरडायचास, “पुढं वाक.” मी वाकायचो. दोन तास मी तुझ्या ट्रॅक्टरचा एक सुटा भाग होतो. मला ते आवडलं होतं. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू ते गावभर केलं असतंस.

संध्याकाळी मी म्हणालो, “आता तरी पटलं?”

“ब्लेडचा दोष न्हाय,” तू म्हणालास. “तुझ्या वजनाचा हाय.”

पुढच्या रविवारी ठेकेदाराने ब्लेड पुन्हा दिलं. मी धुतलेली जुनी पँट घालून, पाठीला लावायला गोणपाट घेऊन आलो, तर बंपरवर धर्मा. त्याचं वजन त्र्याण्णव किलो आहे, आणि तो ते सगळ्यांना सांगतो. माझं छप्पन्न.

“तुझं सगलं वजन वाचनात गेलं,” तू म्हणालास, आणि धर्मा हसला.

मी बांधावर उभा राहून पाहिलं. चाकं खाली राहिली, हे मान्य करायला हवं. पण धर्मा पूर्ण वेळ मोबाइलवर विटांबद्दल बोलत होता. वळणावर वाकत नव्हता. त्याला त्या जागेची किंमत नव्हती. मी गोणपाट घेऊन घरी गेलो आणि बायकोला सांगितलं की ऊन फार होतं.

एवढ्या वयाला दोन म्हाताऱ्यांनी ट्रॅक्टरच्या बंपरवरून एकमेकांचा मत्सर करावा, यात शोभेचं काही नाही. पण शोभेचं म्हणून जे असतं ते तुझ्या बॅनरवर होतं. मी खरं ते लिहितोय.

शोकसभेतून घरी आलो आणि मला दुसरी गोष्ट उमगली. तो अकलोलीचा कंडक्टर म्हणाला होता, तू त्याला हे सगळं कुंडात बसून सांगितलंस. गरम पाण्याच्या कुंडात. अकलोलीला आपण दोघं जायचो, दर हिवाळ्यात, गुडघ्यांसाठी. तुझा उजवा, माझा डावा. तू कुंडात गळ्यापर्यंत बसून अनोळखी माणसांशी बोलायचास आणि मी काठावर पाय सोडून वाचायचो. तो कंडक्टर मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे तू माझ्याशिवाय अकलोलीला गेला होतास. हे मला तुझ्या शोकसभेत कळावं. शिवाय तिथे जाऊन, मी काठावर नसताना, तू गरम पाण्यात बसून माझं वाक्य बोललास, बहुतेक हात वर करून, टायरांची रुंदी दाखवत, आणि तो माणूस ‘वा’ म्हणाला असेल. ती ‘वा’ मला हवी होती. त्याची नाही, तुझी. त्या कंडक्टरला तुझं पटणं मिळालं, धर्माला मिळालं. मला मिळालं, “तुला काय कलतंय?”

शेवटचं आपण बोललो तेव्हाही ब्लेडवरच बोललो. मी नवीन माहितीपत्रक आणलं होतं, चार फुटी, हलक्या कामाचं, पाच दात, प्रत्येक दात खिळ्याने वरखाली होणारा. तुला बरं नव्हतं. उकडत होतं आणि वीज गेली होती. तू ते माहितीपत्रक हातात घेतलंस, दोन्ही बाजूंनी पाहिलंस आणि त्याने वारा घ्यायला लागलास.

“काय करायचं मग?” मी विचारलं.

“बगू,” तू म्हणालास.

हा तुझा शेवटचा निकाल. त्याच आठवड्यात तू गेलास. शेवटचे शब्द म्हणून लोक काय काय सांगतात, मी पुष्कळ वाचलेत. ‘बगू’ त्यांत बसत नाही, पण त्यांतल्या बऱ्याच शब्दांपेक्षा प्रामाणिक वाटतं.

अजूनही तुझ्याविरुद्ध मुद्दे सुचतात. आंघोळ करताना जास्त सुचतात. परवा सुचलं की हलकं ब्लेड नाचतं ते वजनामुळे नाही, कलामुळे. ब्लेड आणि ट्रॅक्टर यांना जोडणारा वरचा दांडा आखडून घेतला की दात पुढे झुकतात आणि जमिनीत शिरतात. म्हणजे तुझा वरातीचा मुद्दा साफ पडला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि बायकोला म्हणालो, “बाळारामकडे जाऊन येतो.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

दहाव्यानंतर तुझी वैशाली आली. गोदामातली ड्युटी संपवून, गळ्यात ओळखपत्र तसंच.

“काका, मामा बोलतो ट्रॅक्टर विकून टाका. घरात चालवायला पुरुष नाही. मी बोलले, मी चालवते. बाबांनी शिकवलंय मला.”

“मग?”

“बाबांनी हळदीच्या मैदानाचा शब्द दिलाय दोन घरांना. फळीने ते होत नाही, तुम्हाला माहिताय. ब्लेड घ्यावंच लागणार. चुकीचं घेतलं तर लिफ्ट जाईल. लिफ्ट गेली की मामा ट्रॅक्टर नेणारच, मग मला काही बोलता येणार नाही.”

“धर्मा काय म्हणतो?”

“धर्माकाका बोलतात, पाच फुटी घ्या. शेठच्या नावाला शोभेल असं.”

शोकसभेत ज्याने झेपेल तेवढंच लोखंड घ्यायला सांगितलं, तोच हा धर्मा. पण त्याला दोष देत नाही. स्मारक म्हटलं की माणसाला मोठंच सुचतं. झेपण्याचा प्रश्न जिवंत माणसांपुरता.

“तुम्ही सांगा ना,” वैशाली म्हणाली. “बाबांनी कुठलं घेतलं असतं?”

बाळाराम, या प्रश्नाची वाट मी दोन पावसाळे पाहिली होती, पण तो तुझ्या मुलीच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. शोकसभेतले तीन साक्षीदार होते.

“माझ्यापुढे तो पाच फुटी म्हणायचा,” मी म्हणालो.

“आणि बाकीच्यांपुढे?”

“बाकीच्यांपुढे माझं म्हणायचा.”

तिने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, “उद्या माझी सुट्टी आहे. चला.”

मला सांगायला हवं की त्या क्षणी मला भीती वाटली. तू होतास तोवर माझी वाक्यं फुकट होती. तू ती उडवून लावायचास, त्यामुळे ती चुकीची ठरण्याचा धोका नव्हता. आता त्यांच्यावर एक ट्रॅक्टर उभा राहणार होता, आणि एक मुलगी.

टेमघरच्या पुढे अवजारांचं ते दुकान आहे, तिथे गेलो. दुकानाबाहेर दोन्ही ब्लेडं शेजारी ठेवलेली. पाच फुटी खरोखरच रुबाबदार. मी ते पाहिलं आणि तुझं मन तिकडे का ओढ घेत असेल ते समजलं. चार फुटी त्याच्याजवळ एखाद्या घरजावयासारखं दिसत होतं. वैशालीने निघण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांचं अंतर बाहेरच्या कडांपासून टेपने मोजून हातावर लिहून आणलं होतं: चव्वेचाळीस इंच. हे तुला किंवा मला एकदाही सुचलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत आपण काहीही मोजलं नव्हतं.

तिने वडिलांचं नाव सांगितलं तसा दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आला.

“बालाराम सेठ? अरे, वो तो तीन बार आए. यही चार फुटीवाला ठोक-ठोक के देखते थे.”

“फिर लिया क्यों नहीं?” वैशालीने विचारलं.

“बोले, लेना तो यही है. बस एक सीजन रुको. गाँव में एक दोस्त के साथ बहस चल रही है.”

मी पाच फुटी ब्लेडच्या कडेवर बसलो. ते हललंही नाही, हा त्याचा गुण.

“दोस्त का नाम बोले?” मी विचारलं.

दुकानदाराने आठवून पाहिलं. “नाम तो नहीं लिया, अंकल.”

म्हणजे मी जिंकलो होतो. केव्हा ते कळायला मार्ग नाही, पण जिंकलो होतो, आणि ही गोष्ट टेमघरच्या पुढे दुकान असलेल्या एका परक्या माणसाला माझ्या आधी माहीत होती. मला त्याचा हेवा वाटला. तू त्याच्यासमोर ते लोखंड ठोकून पाहिलंस, मान डोलावलीस, आणि मग गावात येऊन माझ्यासमोर बसून म्हणालास, पाच फुटी घेनार, जाड पत्र्याचं. हरलेला वाद तू इतका काळ चालू ठेवलास. मी रोज कागद घेऊन यावं म्हणून? जकात नाका बंद झाल्यापासून माझ्याकडे रोज जायला तुझ्या ओट्याशिवाय दुसरी जागा नव्हती, हे तुला दिसलं होतं म्हणून?

असेलही. किंवा तुला दुकानदाराला टाळायचं असेल. टाळण्यात तू हुशार होतास, आणि ‘दोस्त के साथ बहस’ हे टाळायला चांगलं कारण आहे. मी दोन्ही शक्यता ठेवून आहे. पण कुठली धरून झोप येते, ते मला माहीत आहे.

चार फुटीच घेतलं.

हळदीच्या मैदानावर पहिली फेरी मारायची तेव्हा बघायला मामा आला, हाताची घडी घालून. धर्माही आला. त्याने ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला एक चक्कर मारली आणि विचारलं, “मी बसू का पुढं?”

“नको काका,” वैशाली वरून म्हणाली. “चाकं खालीच आहेत.”

हे वाक्य ऐकायला तू हवा होतास. नाही, तू नको होतास; तू काहीतरी बोलला असतास.

पहिल्या फेरीत ब्लेड नाचलं. अगदी तू म्हणाला होतास तसं, वरातीत नाचतात तसं. मुरमावर नुसते ओरखडे उठले. मामा माझ्याकडे बघायला लागला, कारण ब्लेड मी निवडलं हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. चुकलेल्या गोष्टींचं श्रेय आपल्या गावात चटकन मिळतं. मी पुढे झालो, वरच्या दांड्याबद्दल सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वैशालीने ट्रॅक्टर थांबवला, इंजिन बंद केलं, उतरली, मागे जाऊन वाकून पाहिलं आणि तो दांडा दोन आटे आखडून घेतला. कुणाला न विचारता. पुन्हा चढली. दात शिरले. माती पेटीत गोळा होत गेली, खालच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याशी आली आणि तिथे शांतपणे उतरली. दुसऱ्या फेरीला धार. तिसऱ्याला कडांचे वरंबेही गेले.

मी उघडलेलं तोंड मिटलं. मला आंघोळीत जे सुचायला इतके दिवस लागले ते तुझ्या पोरीला उभ्या उभ्या दिसलं. तुझ्या घरातल्या कुणाचा हेवा करायचा आता राहिला आहे का, याचा विचार मी तिथेच केला. वहिनींचा उरला होता. त्यांना तू बाजूच्या खाटेवर मिळाला होतास, आणि त्यांच्याशी तू ब्लेडवर एक शब्द बोलला नव्हतास, असं त्या म्हणतात. हे मला आवडलं.

मामाने हाताची घडी सोडली आणि तो गेला. पुढचं मैदान वैशाली तिच्या सुट्टीच्या दिवशी करणार आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “भावजी, ब्लेडवर यांचं नाव टाकूया. देवळात पंख्यावर टाकतात तसं.” मजकूर मी लिहावा असं ठरलं, कारण गावात वाचणारा मी. मी चार मसुदे केले. एकात तुझं डोकं स्वतःचं नसल्याची सूचना होती, ती काढली. शेवटी उरलं ते साधं: कैलासवासी बाळाराम यांच्या स्मरणार्थ.

रंगारी आला. ब्लेडची मागची पाटी त्याने पुसली, खडूने रेघा मारल्या, तुझं नाव मोठ्या पांढऱ्या अक्षरांत काढलं. मग ब्रश कानाला लावून म्हणाला, “खाली एक ओळ बसते. सौजन्य कोणाचं टाकू?”

“काकांचं टाका,” वैशाली म्हणाली. “ब्लेड त्यांनीच निवडलं. बाबांना पण त्यांनीच सांगितलं होतं.”

दोन पावसाळे आणि एक शोकसभा यांच्यानंतर कुणीतरी ते मोठ्याने बोललं, तेही तुझ्याच अंगणात. मी म्हणालो, “नको, माझं कशाला?”

आपल्याकडे नको म्हणण्याची एक रीत आहे, तुला माहीत आहे. माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा जरा हळू म्हणतो, आणि तिसऱ्यांदा समोरच्याचा मान राखून नाइलाजाने गप्प बसतो. मी पहिल्यांदा नको म्हणालो. तेवढ्यात वैशालीची शिफ्टची गाडी रस्त्यावर वाजली आणि ती पळाली. वहिनी दूध उतू जातंय का बघायला आत गेल्या. अंगणात रंगारी आणि मी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरं.”

त्या ओळीत त्याने स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला आहे. नंबर तुझ्या नावापेक्षा लांबून वाचता येतो.